इथंच तर घोडं पेंड खातं!

शेतकरी बंधूंनो, एखादे काम अडले की आपण सहज म्हणून जातो, ‘इथंच तर घोडं पेंड खातंय!’ म्हण जुनी आहे. पण बारामती-इंदापुरात ती आता शब्दशः खरी होऊ लागली आहे. आपले घोडे पेंड खाते आहे, उसाचे वाढे खाते आहे, मुरघास खाते आहे आणि कुठे कुठे कोंबड्यांचे उरलेले खाद्यसुद्धा खाते आहे. मग एके दिवशी सकाळी ते आडवे पडलेले दिसते. मालक म्हणतो, ‘काल संध्याकाळपर्यंत तर चांगलं होतं. दैव, दुसरं काय!’ दर वेळी ते दैव नसते. बऱ्याचदा दोष दावणीत असतो. आज त्या दावणीविषयीच लिहायचे आहे.

तुम्ही म्हणाल, दुधाचा दर, उसाचा हप्ता, कालव्याचे आवर्तन असे प्रश्न पडलेले असताना ही जागा घोड्याला कशाला? त्याला कारण आहे. ‘थडी’ म्हणजे नदीचा काठ. भीमेच्या काठचा मुलूख तो भीमथडी. इंग्रजी अमदानीत या नावाचा तालुकाच पुणे जिल्ह्यात होता. या मुलखातले काटक तट्टू मराठ्यांच्या घोडदळाचा कणा होते. २०२३ साली ज्या गीताला राज्यगीताचा मान मिळाला, त्यातही भीमथडीच्या तट्टांचे नाव आहे. त्याच वर्षी कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने भीमथडी घोड्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. चांगली गोष्ट झाली. पण कागद खाऊन घोडा जगत नाही. देशातल्या घोड्यांची संख्या २०१२ च्या पशुगणनेत सव्वासहा लाख होती, ती २०१९ च्या गणनेत साडेतीन लाखांच्याही आत आली. सात वर्षांत जवळजवळ निम्मे घोडे गेले. नोंद झाली आणि जनावर संपले, असे व्हायला नको.

हे घोडे आपल्याकडे टिकवले कोणी? प्रामुख्याने धनगर बांधवांनी. दसरा-दिवाळी झाली की मेंढरांचे वाडे घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाच्या तोंडाला माघारी फिरतात. या वाटेवर सगळे बिऱ्हाड घोड्याच्या पाठीवर असते. भांडीकुंडी, वाकळा, कोंबड्या, चालता न येणारी कोकरे, कधी लहान लेकरूही. असा घोडा वाटेत पोट दुखून गेला, तर त्या कुटुंबाचे चालते घरच मोडते. दुसरा घ्यायचा तर मेंढरे विकावी लागतात. म्हणून हा हौसेचा विषय नाही, पोटाचा आहे.

आता मूळ मुद्दा. घोडा म्हणजे बिनशिंगाची गाय नव्हे. आपल्याकडे गोठा एक, दावण एक, म्हणून वैरणही एकच, असा हिशेब चालतो. तिथेच चूक होते. गाईच्या कोठीपोटात शंभर लिटरपेक्षा जास्त वैरण मावते आणि तिथले जिवाणू आधी तिच्यावर काम करतात, मग ती पुढे जाते. घोडा रवंथ करत नाही. मोठ्या घोड्याचे जठरही जेमतेम ८ ते १५ लिटरचे, आपल्या तट्टाचे त्याहून लहान. त्याचे जिवाणू असतात ते मागे, उंडुकात आणि मोठ्या आतड्यात. म्हणजे जे काही खाल्ले ते आधी थेट जठरात आणि लहान आतड्यात जाते. विष असेल तर तेही थेट रक्तात भिनते. आणि घोड्याला ओकारी होत नाही. एकदा घशाखाली गेलेले परत येत नाही.

निसर्गाने या जनावराला दिवसातले १४ ते १८ तास थोडे थोडे गवत कुरतडायला घडवले आहे. जठरात आम्ल सतत पाझरत असते, पण ते सौम्य करणारी लाळ मात्र चावतानाच सुटते. म्हणून सकाळी एकदा भरपूर टाकले आणि रात्रीच पुन्हा पाहिले, ही पद्धत घोड्याला मानवत नाही. जठरात जखमा होतात, पोटशूळ उठतो. चार-सहा तासांपेक्षा जास्त वेळ त्याचे तोंड रिकामे राहू नये, हा पहिला नियम.

किती घालावे? त्यासाठी आधी वजन कळले पाहिजे. वजनकाटा नसला तरी चालेल, शिंप्याचा टेप पुरे. पुढच्या पायांमागून छातीचा घेर सेंटीमीटरमध्ये मोजा. खांद्याच्या टोकापासून मागे ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी मोजा. घेराला घेराने गुणा, आलेल्या आकड्याला लांबीने गुणा आणि ११८८० ने भागा. घेर १४५ आणि लांबी १४० आली तर वजन सुमारे २४८ किलो भरते. गावातला आठवीतला मुलगासुद्धा हा हिशेब करून देईल.

अशा अडीचशे किलोच्या घोड्याला दिवसाला सुमारे ५ किलो कोरडा चारा लागतो. काहीही झाले तरी वजनाच्या शेकडा दीड, म्हणजे पावणेचार किलोच्या खाली वैरण जाऊ नये. हिरव्या चाऱ्यात पाणीच फार असते. पाच किलो हिरवा घास टाकला तर त्यात कोरडा ऐवज जेमतेम एक किलो असतो. तेव्हा चार-साडेचार किलो चांगला कडबा किंवा वाळले गवत आणि जोडीला चार-पाच किलो लसूणघास, अशी सांगड आपल्या भागात सहज जमते. कडब्यात प्रथिने फार कमी, ती उणीव घास भरून काढतो. कुट्टी पेराएवढी ठेवा. फार बारीक केली की घोडा न चावता गिळतो आणि घास नरड्यात अडकतो.

साधे, हलके काम असलेल्या भीमथडी घोड्याला एवढ्यावर चंदीची फारशी गरज पडत नाही. हे तट्टू थोडक्यात भागवणारे आहे. हात फिरवल्यावर फासळ्या बोटांना लागाव्यात, पण लांबून दिसू नयेत, ही त्याची योग्य अंगलट. फासळ्या दिसत असतील तर वैरण वाढवा. बोटालाही लागत नसतील तर चंदी बंद करा. माळावरचा घोडा उपाशी राहतो आणि बंगल्यासमोरचा घोडा अति खाऊन पायाने अधू होतो, अशी दोन्ही टोके आज दिसतात. अति खुराकाने खुरांच्या आत दाह होतो, घोडा पाऊल टाकेनासा होतो. त्याला लॅमिनायटिस म्हणतात आणि त्यातून घोडा पूर्ण बरा होणे कठीण असते.

जड काम असेल तर चंदी द्यावीच लागते. पण बेताने. हरभरा, बाजरी, मका यांतले पिष्ट लहान आतड्यात पचले तर ताकद देते. एका वेळी जास्त गेले की न पचता मागच्या आतड्यात पोहोचते, तिथे आंबते, आणि पोटशूळ किंवा खुरांचा दाह सुरू होतो. शरीराच्या दर किलो वजनामागे एका वेळी एक ग्रॅम पिष्ट, ही आज सुरक्षित मानली जाणारी मर्यादा आहे. अडीचशे किलोच्या घोड्याला म्हणजे एका तोबऱ्यात मका-बाजरी पावणेचारशे ग्रॅमच्या आत, हरभरा अर्ध्या किलोच्या आत. दिवसाचा किलो-सव्वा किलो द्यायचा असेल तर तीन वेळा विभागून द्या. आधी वैरण, मग चंदी. आणि ज्या दिवशी काम नाही त्या दिवशी चंदी निम्म्यावर आणा. भरपूर चंदी खाऊन दोन दिवस बांधून ठेवलेला घोडा तिसऱ्या दिवशी कामाला जुंपला की त्याचे मागचे पुठ्ठे लाकडासारखे ताठतात आणि लघवी तांबूस काळी होते. जुन्या टांगेवाल्यांना हा आजार चांगला ठाऊक होता. बिरबलाच्या गोष्टीत घोडा का अडला, तर न फिरवल्याने. ती गोष्ट खोटी नाही.

आता येऊ आपल्या भागातल्या खास धोक्यांकडे. पहिला धोका वाढ्यांचा. कारखान्यांचे हंगाम सुरू झाले की वाढे स्वस्त, वाढे मुबलक. जो तो घोड्यापुढेही तेच टाकतो. वाढ्यांत ऑक्झॅलेट नावाचे द्रव्य असते. नेपियरसारख्या हत्तीघासातही ते असते. गाईच्या कोठीपोटातले जिवाणू ते बरेचसे फोडून टाकतात. घोड्यात मात्र ते आतड्यातच कॅल्शियमला चिकटते आणि दोन्ही लिदीवाटे निघून जातात. रक्ताला कॅल्शियम कमी पडले की शरीर ते हाडांतून ओढते. हाडे पोकळ होतात, घोडा लंगडतो, पुढे तोंडाची हाडे सुजून डोके मोठे दिसू लागते. गव्हाच्या कोंड्यानेही हेच होते, कारण कोंड्यात फॉस्फरस फार आणि कॅल्शियम नाममात्र. पूर्वी विलायतेत गिरणीवाल्यांच्या घोड्यांना कोंडा खाऊन हा रोग होई, म्हणून त्याला ‘मिलर्स डिसीज’ असेच नाव पडले. आपल्याकडे वाढे आणि कोंडा दोन्ही एकाच पाटीत पडतात. वाढे द्यायचेच असतील तर वैरणीचा थोडा भाग म्हणून द्या, सोबत लसूणघास हवाच, आणि पशुवैद्यकांना विचारून खनिज मिश्रण सुरू करा. गाईच्या वाढ्यांवर शिंपडतो ती चुन्याची निवळी शिंपडली म्हणजे झालं, असे समजू नका.

दुसरा धोका कोंबडीखाद्याचा, आणि तो सर्वांत घातक. आपल्या दोन्ही तालुक्यांत पोल्ट्री आहेत. लॉट गेला की तळाशी पोतेभर खाद्य उरते. ‘वाया कशाला घालवायचं, घोड्याला टाकू.’ थांबा! कोंबड्यांना रक्ती हगवण होऊ नये म्हणून त्यांच्या खाद्यात मोनेन्सिनसारखी औषधे घातलेली असतात. कोंबडीला ती चालतात, गाईलाही ठरावीक मात्रेत चालतात. घोड्याला मात्र दर किलो वजनामागे दोन-तीन मिलिग्रॅम मोनेन्सिन प्राणघातक ठरते. टनाला शंभर ग्रॅम औषध असलेले खाद्य पाच-सात किलो खाल्ले की आपले तट्टू संपले. त्याहून कमी खाल्ले तर आज वाचेल, पण हृदय कायमचे दुबळे होईल आणि महिन्याभराने घाट चढताना कोसळेल. यावर उतारा नाही. काही पशुखाद्यांत आणि गाईंच्या पूरक खाद्यातही हे औषध असू शकते. तेव्हा पोत्यावरची चिठ्ठी वाचा, दुकानदाराला विचारा, खात्री नसेल तर घोड्याला देऊ नका.

तिसरा धोका मुरघासाचा. मुरघास ही दुधाच्या धंद्याला मोठी मदत झाली, यात वाद नाही. पण पिशवीत माती गेली, उंदीर-घूस दबली, हवा शिरली, तर त्यात बॉट्युलिझमचे विष तयार होऊ शकते. गाईपेक्षा घोडा या विषाला फार हळवा. जीभ लुळी पडते, गिळता येत नाही, आणि पाय उचलेनासा होऊन घोडा बसतो. मुरघास गाईलाच राहू द्या. बुरशी धरलेल्या मक्याचेही तसेच. त्या बुरशीचे विष घोड्याचा मेंदू सडवते, आणि कधी कधी बुरशी डोळ्यांना दिसतही नाही. पावसात भिजलेला मका, काळवंडलेला कडबा घोड्यापुढे नको म्हणजे नकोच.

चौथी गोष्ट कडवळाची. कोवळे कडवळ गाईला बाधते, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. घोड्याला दिवसेंदिवस हिरव्या कडवळावर ठेवले तर त्याच्या मागच्या पायांचा तोल जातो आणि लघवी थेंब थेंब गळत राहते. एकदा हे झाले की दुरुस्त होणे अवघड. ज्वारी पिकून वाळल्यावरचा कडबा चालतो, हिरव्या कडवळाचा रोजचा रतीब नको.

आणि आता लाडाविषयी. बाजारात, मिरवणुकीत घोडा चमकावा म्हणून दूध, तूप, बदाम, अंडी, गूळ चारण्याची चढाओढ लागते. मोठ्या झालेल्या घोड्याला दुधातली साखर पचत नाही, त्याला संडास लागते. त्या दुधाच्या पैशात महिनाभराचा घास येईल. चमक तुपाने येत नाही, बेताच्या खुराकाने, वेळच्या वेळी जंतांचे औषध दिल्याने आणि रोजच्या खराऱ्याने येते. आषाढी वारीत तुकोबारायांची पालखी आपल्याच दोन तालुक्यांतून जाते. काटेवाडीला मेंढ्यांचे रिंगण, बेलवाडीला पहिले गोल रिंगण. अश्वाला घास भरवावा ही भाविकांची श्रद्धा आम्हाला कळते. पण शंभर हातांनी शंभर लाडू भरवले तर ती सेवा होत नाही. मानकऱ्यांनी एका टोपलीत वाळले गवत ठेवावे आणि भाविकांना म्हणावे, ‘माउली, याचीच काडी द्या.’ रिंगणाआधी दोन-तीन तास चंदी देऊ नये, पाणी मात्र तोडू नये.

पाण्याचे सांगायलाच हवे. बांधून असलेल्या अडीचशे किलोच्या घोड्याला रोज १२ ते १५ लिटर पाणी लागते. चैत्र-वैशाखात काम असेल तर त्याच्या दुप्पट. घामावाटे मीठ फार जाते, म्हणून रोज १५ ते ३० ग्रॅम साधे मीठ द्या. पाणी कमी आणि वैरण कोरडी, की आतड्यात बोळा बसलाच म्हणून समजा. कोकणात उतरल्यावर हेच घडते. इथल्या गवत-कडब्यावरचा घोडा एका दिवसात भाताच्या पेंढ्यावर जातो. आतड्यातल्या जिवाणूंना नवी वैरण अंगवळणी पडायला आठवडा-दोन आठवडे लागतात. धनगर बांधवांनो, पहिले काही दिवस त्याला जास्तीत जास्त तिथल्या गवतावर चरू द्या. पेंढा थोडा थोडा वाढवा, पाणी आणि मीठ चुकवू नका.

एवढे करूनही घोडा पुढच्या पायाने जमीन उकरू लागला, वळून पोटाकडे बघू लागला, लोळू लागला, लीद थांबली, तर वैरण-चंदी लगेच काढून घ्या आणि डॉक्टरांना बोलवा. १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाला फोन करता येतो. नळकांड्याने तोंडात तेल ओतू नका. ते फुफ्फुसात जाते, आणि पोटशुळातून वाचला असता तो घोडा त्याने मरतो.

आता चार शब्द गावकारभाऱ्यांसाठी. घोड्याला जी वैरण सर्वांत मानवते ती पोत्यात मिळत नाही, माळावर उगवते. पवना, मारवेल या गवतांवर हे तट्टू पिढ्यान्‌पिढ्या पोसले. तो माळ कुठे फळबागेत, कुठे तारेच्या कुंपणात, कुठे अतिक्रमणात गेला. गावाच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणे हटवावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली जगपालसिंग खटल्यात स्पष्ट सांगितले. तुमच्या गावचे गायरान आज किती शिल्लक आहे, एवढे तरी पुढच्या ग्रामसभेत वाचून दाखवा. मेंढरांच्या जुन्या वाटांवर पाण्याचा एखादा हौद बांधायला ग्रामपंचायतीला फार मोठा खर्च येत नाही. तालुक्याच्या दवाखान्यांत घोड्याच्या पोटशुळाची औषधे आणि नाकातून घालायची नळी असावी, ही मागणी पंचायत समितीने करावी. पोल्ट्रीचे उरलेले खाद्य कोणाला देताना ‘घोड्याला चालत नाही’ एवढे चार शब्द पोल्ट्रीवाल्यांनी सांगावेत, अशी दवंडी गावात फिरवायला तर पैसाही लागत नाही. आणि मळद, सुपे, निमगाव, लासुर्णे असो की आणखी कुठले गाव, पशुगणनेचा माणूस आला की वाड्यावरचा घोडा नोंदवला गेला ना, हे पाहा. जो मोजला जात नाही त्याच्यासाठी औषधही येत नाही.

मंडळी, घोडा मेल्यावर पंचनामा करणे म्हणजे वरातीमागून घोडे. आज घरी गेल्यावर एकच करा. गोठ्यात जा, घोड्याच्या पाटीत हात घाला आणि त्यात काय आहे ते बघा. गाईचे असेल तर गाईला द्या, कोंबडीचे असेल तर कोंबडीला द्या. घोड्याला त्याचे गवत द्या. मग घोडं कुठं पेंड खातं, हे विचारायची वेळच येणार नाही.